गिरणीचा रविवार

रविवारीं सकाळीं मुलुंड किंवा घाटकोपर स्टेशनच्या फलाटावर उभें राहिलें म्हणजे बाकीच्या सहा दिवसांचा लोंढा कोठें गेला, असें मनांत येतें. रुळांच्या दुरुस्तीसाठीं रेल्वेनें हाच वार निवडावा याचें कारण उघड आहे. या दिवशीं उपनगर बहुतांशीं घरीं असतें. ही सुटी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती कोणी झगडून मिळविली असेल, हें ध्यानांतहि येत नाहीं. सरकारी कचेऱ्यांस ती राज्यकर्त्यांच्या धर्मामुळें आयती लाभली. गिरणीमजुरांची गोष्ट निराळी. ज्या पुरुषानें ती मजुरांस मिळवून दिली, ते नारायण मेघाजी लोखंडे मुलुंडाच्या पलीकडेच, ठाण्यास, १८४८ सालीं जन्मले.

लोखंडे यांनीं रेल्वेंत व टपालखात्यांत नोकरी केली, आणि पुढें मांडवी येथील एका कापडगिरणींत ते स्टोअरकीपर झाले. ही शेवटची नोकरी आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. मजुरांची दैना त्यांनीं अहवालांतून वाचली नव्हती, ती रोज डोळ्यांनीं पाहिली होती. ते जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे अनुयायी; कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ सालीं पुण्यास काढलेलें ‘दीनबंधु’ पत्र त्यांनीं १८८० सालीं मुंबईस आणून चालविलें.

त्या काळीं गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. दिवस उजाडला कीं काम सुरू व्हावयाचें आणि मावळला कीं थांबावयाचें. म्हणजे मजुराचें घड्याळ आकाशांत होतें, आणि उन्हाळा आला कीं तें त्याच्या जिवावर उठे. सणावारीं गिरणी बंद राही. परंतु आठवड्याचा असा विसाव्याचा दिवस नव्हता. पगार पुढच्या महिन्यांत कितीतरी दिवस लांबे. १८८१ चा कायदा झाला खरा, पण त्यानें बारा वर्षांखालील मुलांस नऊ तासांची मर्यादा व महिन्यांतून चार सुट्या दिल्या. त्यांच्या आईबापांविषयीं तो मुका होता.

सप्टेंबर १८८४ मध्यें लोखंडे यांनीं परळास मजुरांच्या सभा भरविल्या. तेथें ठरलेला अर्ज आजहि वाचण्याजोगा आहे, कारण त्यांत डौल मुळींच नाहीं. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसावा, साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार फार तर पंधरा तारखेपर्यंत, आणि यंत्रांत सांपडून जखमी झालेल्यास भरपाई, एवढेंच मागणें. साडेपांच हजार मजुरांनीं त्यावर सह्या केल्या. तरी सहा वर्षें पदरीं कांहीं पडलें नाहीं. अखेर २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार मजूर जमले, व त्या सभेंत दोन स्त्रियाहि बोलल्या. ज्या काळांत शिकलेल्या घरांतील स्त्री सभेंत बसणेंहि दुर्मीळ होतें, त्या काळांत मजूर बाया सभेंत बोलल्या, ही गोष्ट आम्हांस सुटीइतकीच मोठी वाटते. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या मंडळानें रविवारची सुटी मान्य केली.

लोखंडे यांच्या कार्याविषयीं दोन आक्षेप घेतले जातात. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस हिंदी गिरण्यांवर निर्बंध हवेच होते, तेव्हां मजुरांचें हित हें निमित्त, असा एक. परक्याचा स्वार्थ त्यांत होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तेवढ्यानें मजुराचे श्रम कांहीं खोटे ठरत नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं, लोखंडे यांच्या ‘बाँबे मिलहँड्स असोसिएशन’ला ना वर्गणी, ना नियम, ना सभासदांची यादी. हें खरें आहे, आणि त्यामुळेंच १८९७ सालीं प्लेगनें लोखंडे निवर्तले तेव्हां मागें भक्कम संघटना उरली नाहीं. मग सुटी टिकली कशी? आमच्या मतें ती मालकांच्या मर्जीवर सोडली गेली नाहीं म्हणून. १८९० सालच्या फॅक्टरी कमिशनपुढें मुंबईच्या मजुरांची बाजू मांडण्यास लोखंडे स्वतः होते, आणि १८९१ च्या कायद्यानें साप्ताहिक सुटी बंधनकारक केली. जें कायद्यांत आलें नाहीं तें गेलें: प्रौढ पुरुषांच्या तासांस मर्यादा घातली गेली नव्हती, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभीं विजेचे दिवे येतांच काम रात्रींपर्यंत लांबलें, व त्यास १९११ च्या कायद्यानें बारा तासांचा बांध घालावा लागला.

आज परळच्या बहुतेक गिरण्या नाहींशा झाल्या आहेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानें दुकानें आठवडाभर उघडीं ठेवण्याची मुभा दिली. मात्र दहा किंवा अधिक माणसें कामास असलीं तर प्रत्येकास आठवड्यांतून एक दिवस सुटी दिलीच पाहिजे, अशी त्या मूळ कायद्यांत अट होती. अंधेरीच्या बाजारांतील दोन नोकरांचें दुकान या अटींत येत नाहीं. मुलुंडच्या चार घरीं भांडीं घासणारी बाईहि येत नाहीं. रविवारीं पाहुणे येतात, म्हणून तिचें काम त्या दिवशीं उलट वाढतें.