पोप सुटले, आम्हाला पाळी मिळाली

संध्याकाळची रोझरी आटोपली की आजोबा ओट्यावर येत आणि तंबाखू मळता मळता रोमच्या गोष्टी सुरू होत. वसईतून मुंबईपलीकडे फारसा न गेलेला हा बागायतदार माणूस. पण पोपचा विषय निघाला की थांबत नसे. 'पोप कैदेतून सुटले, त्याच साली आमचं लग्न झालं,' असं ते म्हणायचे. आतून आजीचा आवाज येई, 'एक सुटले, दुसरे अडकले!'

लहानपणी मला गजांआडचे पोप दिसायचे. पुढे वाचलं तेव्हा कळलं, गज कुठेच नव्हते. १८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतलं. पोपनी ते राज्य मानलं नाही आणि व्हॅटिकनबाहेर पाऊल टाकायचंही सोडलं. 'कैदी' ही पदवी त्यांनी स्वतःच लावून घेतली होती. पहिलं महायुद्ध संपलं तरी हा रुसवा संपला नव्हता.

६ फेब्रुवारी १९२२ रोजी आकिल्ले रात्ती 'अकरावे पायस' म्हणून गादीवर आले. निम्मी हयात ग्रंथालयांत काढलेला, तरुणपणी आल्प्सचे कडे चढलेला हा माणूस. आधीच्या तीन पोपनी निवडीनंतरचा आशीर्वाद संत पीटरच्या बसिलिकेच्या आत दिला होता. यांनी चौकाकडचा सज्जा उघडायला लावला. बावन्न वर्षांनी पोप बाहेरच्या गर्दीला दिसले. ११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन राजवाड्यात कार्डिनल गास्पारी आणि मुसोलिनी यांच्या सह्या झाल्या. पोपना ४४ हेक्टरांचं स्वतंत्र राज्य, ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटींचे सरकारी रोखे मिळाले. आजोबांची 'सुटका' ती ही.

'कागद झाला म्हणून बांध जागेवर राहतो असं नाही,' हेही आजोबांचंच. शेजाऱ्याशी बांधावरून त्यांचं आयुष्यभर वाजलं, त्यामुळे बोलण्यात अनुभव होता. रोमलाही तो लवकरच आला. दोन वर्षांत मुसोलिनीने कॅथलिक तरुणांच्या संघटनांवर हात टाकला. १९३३ च्या जुलैत हिटलरच्या सरकारशी करार झाला आणि शाई वाळते न वाळते तोच तो मोडायला सुरुवात झाली. मग पायसनी जर्मन भाषेत एक परिपत्रक लिहिलं. ते लपवून जर्मनीत नेलं, गुपचूप छापलं, विश्वासू माणसांकरवी गावोगाव पोहोचवलं. २१ मार्च १९३७, झावळ्यांचा रविवार. त्या दिवशी देशभरच्या चर्चमध्ये ते वाचलं गेलं. नंतर गेस्टापोने छापखाने जप्त केले. पुढच्या वर्षी हिटलर रोमला आला, तेव्हा हे पोप व्हॅटिकनची संग्रहालयं बंद करून कास्तेल गांदोल्फोला निघून गेले. म्हातारपणी या माणसाचा कणा ताठ झाला, हे मान्य करावंच लागतं.

मात्र वसईच्या वडीलधाऱ्यांच्या हिशेबात आणखी एक कागद होता. आमचा मुलूख पोर्तुगालच्या 'पाद्रोआदो'खाली, म्हणजे बिशप नेमण्यात पोर्तुगालचा शब्द. शेजारच्या मुंबईत मात्र पाद्रोआदो आणि थेट रोमची 'प्रोपगांडा' असे दोन्ही अंमल. एकाच वस्तीतली दोन कॅथलिक घरं दोन वेगळ्या बिशपांची. चर्चच्या मालकीवरून भांडणं, कोर्टकचेऱ्या, सगळं झालं. एप्रिल १९२८ मध्ये पायसनी पोर्तुगालशी करार करून हा दुहेरी कारभार मिटवला. दमणचा धर्मप्रांत गेला आणि आम्ही मुंबईच्या आर्चबिशपांखाली आलो.

पण त्या करारात एक अट होती: मुंबईच्या गादीवर एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश, अशी आळीपाळी. त्याप्रमाणे आधी लीमा आले, १९३७ मध्ये रॉबर्ट्स आले. आजोबांचे थोरले भाऊ शाळामास्तर, वर्तमानपत्र वाचणारे. ते सांगत, याच पोपनी १९२६ साली आपल्या हातांनी सहा चिनी धर्मगुरूंना रोममध्ये बिशपपदाची दीक्षा दिली होती. दक्षिणेत तुतिकोरिनला तर १९२३ पासून भारतीय बिशप होते. 'चिन्यांना बिशप मिळाले, आम्हाला पाळी मिळाली,' असं म्हणून ते चष्मा पुसायला घेत.

ही पाळी १९५० मध्ये संपली. पोर्तुगालने हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तोवर पायसना जाऊन अकरा वर्षं लोटली होती. म्हणून लॅटरन कराराची थोरवी सांगताना आमच्याकडच्या माणसाने त्याच्या आदल्या वर्षीचा करारही वाचावा. १९२९ मध्ये पोपनी स्वतःची सुटका करून घेतली. १९२८ मध्ये आमचं घर एक केलं, पण घरधनी बाहेरचाच ठेवला.