नोकरी सांभाळून शिक्षण : घड्याळ कुणी हलवायचे?

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्याला दिवसा शाळेत बोलावण्यात अर्थ नाही, तेव्हा शाळेनेच आपली वेळ बदलावी, एवढा साधा विचार त्यामागे होता. आज पूर्णवेळ नोकरी करून ऑनलाइन पदवी घेऊ पाहणाऱ्याला मिळणारे सल्ले आठवून पाहा. वेळापत्रक आखा, पहाटे उठा, रविवार वाया घालवू नका. सगळा उपदेश विद्यार्थ्याला. संस्थेने काय करावे, मालकाने काय करावे, याबद्दल चकार शब्द नाही. महाराष्ट्रातल्या कामकऱ्यांच्या शिक्षणाचा इतिहास चाळला तर हा उपदेश तोकडा वाटू लागतो. नोकरी आणि अभ्यास यांचा मेळ पुष्कळांना साधला तो वेळेची तडजोड शाळेने, कायद्याने किंवा मालकाने केली तेव्हा. एकट्या विद्यार्थ्याच्या जिद्दीवर सोडले तेव्हा तो मोजक्यांनाच साधला.

मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण घेऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली आणि पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पण त्यानंतर गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की काम थांबवावे लागे. दिव्यांनी ती मर्यादा पुसून टाकली, आणि १९०५ च्या सुमारास काही गिरण्यांत दिवसाचे काम चौदा तासांवर गेले. ज्या दिव्याखाली रात्री पुस्तक उघडता आले असते, त्याच दिव्याने पुस्तक उघडण्याची वेळ खाल्ली. तंत्रज्ञानाने वाचवलेला वेळ आपोआप कामगाराच्या पदरात पडतो, या समजुतीला याहून सणसणीत उत्तर शोधायला नको. कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा १९११ च्या कायद्याने आली. १९२२ मध्ये आठवड्याला साठ तास ठरले, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न आणि १९४८ च्या कायद्यात अठ्ठेचाळीस. चौदा तास साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला रात्रशाळेचे दार उघडे असून काय उपयोग? त्या दारापर्यंत चालत जाण्याचे बळ अंगात उरणे, ही या कायद्यांची न बोललेली देणगी होती.

यावर एक आक्षेप हमखास येतो. मनापासून शिकायचे असेल तर माणूस कसाही शिकतो, आणि दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दिला जातो. दाखला मोठा आहे, पण तो नीट पाहायला हवा. कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे शिक्षण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर झाले. लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांचे आणि मित्र नवल भथेना यांचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये नोकरी सोडून ते इंग्लंडला गेले. म्हणजे असामान्य बुद्धी आणि कष्टाची तयारी असलेल्या माणसानेही अभ्यासासाठी आधी सलग, मोकळा वेळ मिळवला. पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे त्यांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण मुलांना नंतर नोकरीवर जायचे असे. जिद्दीचा मूर्तिमंत नमुना ज्यांना म्हणावे, त्यांनीच आपल्या विद्यार्थ्यांसाठी तासिकांची वेळ बदलली. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतही काम आणि अभ्यास दोन्हींचे तास एकाच संस्थेच्या हाती होते. दोन धन्यांची ओढाताण तिथे नव्हतीच.

पत्रद्वारा शिक्षणाने वाट थोडी वळवली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये असे अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चे. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम, स्वतः वाचून समजेल अशी मराठी पुस्तके, गावाजवळच्या महाविद्यालयातले अभ्यासकेंद्र, सुट्टीच्या दिवशी भरणारी संपर्क सत्रे, अशी तिथली रचना होती. अंतराची अडचण यातून बरीच सुटली. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले आणि २०२२ मध्ये मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्ट केले. तेव्हा तर अंतर उरलेच नाही. ही प्रगती खरी आहे, आणि जव्हारच्या आरोग्यसेविकेला किंवा दुबईतल्या मराठी लेखनिकाला तिचा लाभ नाकारण्यात शहाणपण नाही. पण तासाचे काय?

ध्वनिचित्रित व्याख्यान रात्री दोनलाही पाहता येते, त्यामुळे वेळेचा प्रश्नही सुटला, असे यावर म्हटले जाते. सोय झाली हे मान्य. मात्र कधीही पाहता येणारे व्याख्यान प्रत्यक्षात उरलेल्या वेळेतच पाहिले जाते, आणि ज्या मोबाईलवर ते दिसते त्याच मोबाईलवर साहेबाचा निरोपही येतो. रात्रशाळेत बसलेल्या कामगाराला मुकादम बोलावू शकत नव्हता. वर्गाच्या चार भिंती एवढे तरी संरक्षण देत. ते भिंतींबरोबर गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. मालकाने नोकराच्या शिक्षणासाठी पगारी रजा का द्यावी, असे कुणी विचारील. लहान दुकानदाराला ती परवडणार नाही, हे खरेच आहे. म्हणूनच तिचा भार एकट्या मालकावर न टाकता सरकारनेही वाटून घ्यायला हवा. ही कल्पना नवी नाही. शिक्षणासाठी पगारी रजेचा ठराव आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ मध्येच केला. भारताने तो आजवर स्वीकारलेला नाही. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दैनंदिन कामाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर आणि दुकाने-आस्थापनांतली नऊवरून दहावर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे एकूण तास अठ्ठेचाळीसच राहतील, असे सांगितले गेले. पण बारा तास काम झाल्यावर त्या रात्री अभ्यास होत नाही, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांची जाहिरात करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने याबद्दल सरकारला जाब विचारला पाहिजे.