टॉम वॉटसन : लोकवादी राजकारणाचे सामर्थ्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले व गुलामगिरी नष्ट झाली. मात्र दक्षिणेकडील शेती भांडवलाअभावी मोडकळीस आली. दुकानदार खत व धान्य उधारीने देत आणि येणाऱ्या पिकावर तारणहक्क ठेवीत. कापसाचे भाव घसरत गेले, तसतसे गोरे अल्पभूधारक आणि कृष्णवर्णीय वाटेकरी दोघेही कर्जात रुतत गेले. या असंतोषातून उदयास आलेल्या नेत्यांमध्ये जॉर्जिया राज्यातील टॉम वॉटसन (१८५६-१९२२) याचे स्थान महत्त्वाचे आहे.

वकिलीतून राजकारणाकडे :
पूर्वी गुलाम बाळगणाऱ्या, परंतु युद्धानंतर विपन्नावस्थेत गेलेल्या घराण्यात वॉटसनचा जन्म झाला. पैशाअभावी महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून त्याने काही काळ शिक्षकाची नोकरी केली. १८७५ मध्ये वकिलीची सनद मिळवून त्याने थॉमसन या गावी व्यवसायात जम बसविला. १८८२ मध्ये तो राज्य विधिमंडळात, तर १८९० मध्ये शेतकरी संघटनेच्या पाठिंब्याने डेमोक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहात निवडून आला. लवकरच तो पक्ष सोडून त्याने नव्या पीपल्स पार्टीची वाट धरली. ग्रामीण भागात घरपोच टपाल पोहोचविण्याच्या प्रयोगासाठी १८९३ मध्ये १०,००० डॉलरची तरतूद करून घेण्याचे श्रेय त्याच्याकडे जाते.

वर्णभेदापलीकडील आघाडी :
१८९२ मध्ये वॉटसनने असे प्रतिपादन केले की, गोऱ्या व कृष्णवर्णीय शेतकऱ्यांमध्ये द्वेष पेरून दोघांचीही लूट केली जाते. एच. एस. डॉईल या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाने त्याचा प्रचार केला. डॉईलच्या जिवाला धोका निर्माण होताच वॉटसनच्या हाकेसरशी सशस्त्र गोरे शेतकरी त्याच्या रक्षणासाठी थॉमसनमध्ये जमले. तत्कालीन दक्षिणेत ही घटना असाधारण होती. तथापि, सामाजिक समता आपल्याला अभिप्रेत नाही, हेही वॉटसनने स्पष्ट केले होते.

पराभव आणि परिवर्तन :
१८९२ व १८९४ च्या निवडणुकांत मोठे गैरप्रकार होऊन वॉटसन पराभूत झाला. कृष्णवर्णीयांची मते विकत घेऊन वा धाकदपटशाने आपल्या पारड्यात टाकण्याचे तंत्र डेमोक्रॅटिक पक्षाने वापरले. १८९६ मध्ये पीपल्स पार्टीने अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन यालाच स्वीकारले. उपाध्यक्षपदाचा उमेदवार असूनही वॉटसन एकाकी पडला. पुढे १९०६ मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेऊ पाहणाऱ्या होक स्मिथला त्याने पाठिंबा दिला. १९०८ मध्ये तशी घटनादुरुस्ती झाली. कॅथलिक व ज्यू यांच्याविरुद्धही त्याने विखारी लेखन केले. १९१५ मध्ये लिओ फ्रँक या ज्यू व्यवस्थापकाची जमावाने हत्या केली, तिला त्याच्या प्रचाराची पार्श्वभूमी होती. १९२० मध्ये तो सिनेटवर निवडून आला व पदावर असतानाच १९२२ मध्ये मरण पावला.

निष्कर्ष :
सी. व्हॅन वुडवर्ड या इतिहासकाराने १९३८ मधील चरित्रात वॉटसनच्या आयुष्याच्या पूर्वार्ध-उत्तरार्धातील विरोधावर भर दिला. परंतु या दोहोंना जोडणारा धागाही दुर्लक्षून चालणार नाही. वॉटसनची आघाडी समान हितसंबंधांवर उभी होती, समान हक्कांवर नव्हे. कृष्णवर्णीयांचे मत विजयाचे साधन होते, तोवर त्याने त्याचे रक्षण केले. तेच मत अडसर वाटू लागताच ते काढून घेण्यास त्याने साहाय्य केले. शोषितांचे ऐक्य समतेच्या तत्त्वावाचून टिकत नाही, हेच त्याच्या कारकिर्दीतून स्पष्ट होते. जॉर्जियाच्या विधानभवनासमोरील त्याचा पुतळा २०१३ मध्ये हलविण्यात आला. त्याच्या वारशाविषयीचा वाद त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ धगधगत राहिला, याचेच ते द्योतक होय.