सबवूफर

सबवूफर : श्राव्य ध्वनीतील मंद्र भाग, म्हणजे साधारणतः २० ते १०० हर्ट्‌झ कंप्रतांचा भाग, स्वतंत्रपणे निर्माण करणारा ध्वनिक्षेपक. घरी चित्रपट पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहान ध्वनिक्षेपकांना तो पूरक असतो.

कंप्रता निम्मी झाली, तर तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी पटलाचे विस्थापन चौपट व्हावे लागते. म्हणून मंद्र नादाला मोठे पटल लागते. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यातील म्हसावदच्या उत्तरेस पसरलेल्या सातपुड्यात होळीच्या वेळी मोठा ढोल आणि नर्तकांच्या कमरेचे घुंगरू एकत्र वाजतात. त्यांतही मंद्र व तार नादांची अशीच वाटणी आढळते.

इतिहास : राइस व केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ मध्ये चल वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाचे विवेचन प्रसिद्ध केले. मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात १४ मार्च १९३१ रोजी आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला. पुढे चित्रपटगृहांत मंद्र व तार भागांसाठी वेगवेगळे ध्वनिक्षेपक रूढ झाले. एडगर व्हिल्चर यांनी १९५४ मध्ये बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून मंद्र ध्वनी मिळविला. नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० नंतर) यांच्या विश्लेषणामुळे पेटीची रचना गणिताने ठरविता येऊ लागली. अर्थक्वेक (१९७४) या चित्रपटासाठी प्रेक्षागृहात प्रचंड मंद्र ध्वनिक्षेपक बसविण्यात आले. भारतात १९७५ मध्ये शोले हा ७० मिमी. पटावर बहुपथी ध्वनीसह दाखविला गेला. १९९२ पासून अंकीय ध्वनीत पाच मुख्य पथांबरोबर मंद्र परिणामांसाठी एक मर्यादित पथ मिळू लागला; ‘५.१’ मधील ‘.१’ तो हाच. त्यानंतर ही रचना घरोघर पोहोचली.

जुळणी : लहान ध्वनिक्षेपकाची क्षमता जेथे घटू लागते, त्याच्या किंचित वर विभाजनाची कंप्रता ठेवतात; ती बहुधा ८० हर्ट्‌झ असते. याखालील ध्वनीची दिशा कानाला सहसा ओळखता येत नाही. विभाजन याहून फार वर नेल्यास पुरुषांचा आवाज कोपऱ्यातून येत असल्याचा भास होतो. विभाजनाजवळ दोन्हींच्या कला जुळल्या नाहीत, तर ध्वनी परस्परांना क्षीण करतात. ४० हर्ट्‌झची तरंगलांबी सु. ८.६ मी. असल्याने लहान खोलीत स्थिर तरंग निर्माण होऊन एका जागी गडगडाट, तर दुसऱ्या जागी शांतता असे घडते. कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरचा आवाज वाढतो, पण समतोल ढळतो. जुळणी साधली म्हणजे सबवूफर वेगळा ऐकू येत नाही.

सामाजिक बाजू : मंद्र ध्वनी भिंतींतून सहज पार होतो. भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या सीमेवर भोवतालच्या मर्यादेहून ५ डेसिबेलपेक्षा अधिक असू नये. मात्र हे मापन कानाच्या संवेदनशीलतेनुसार भारित असून त्यात ५० हर्ट्‌झचा ध्वनी प्रत्यक्षाहून सु. ३० डेसिबेल कमी मोजला जातो. त्यामुळे मापकावर आवाज मर्यादेत दिसूनही शेजाऱ्याला त्याचा उपद्रव होऊ शकतो. या बाबतीत नियमाची उणीव वापरणाऱ्याच्या विवेकानेच भरून निघते.