मसुदा आणि मत : ट्युनिशियाचे परदेशस्थ नागरिक

जानेवारी २०११ मध्ये बेन अलींनी ट्युनिशियातून पळ काढला. त्याच ऑक्टोबरात निवडल्या गेलेल्या घटनासमितीत २१७ पैकी १८ जागा परदेशस्थ नागरिकांच्या होत्या. त्यांतल्या १० एकट्या फ्रान्समध्ये, म्हणजे पूर्वीच्या राज्यकर्त्यांच्याच देशात! पण हुकूमशाहीच्या काळात अनेक विरोधकांनी तिथेच आसरा घेतला होता. तेव्हा या तरतुदीत औदार्यापेक्षा ऋणफेडच अधिक दिसते.

या समितीने २०१४ साली संमत केलेल्या घटनेच्या ५५व्या कलमाने परदेशस्थांच्या प्रतिनिधित्वाची हमी दिली. ७४व्या कलमाने दुहेरी नागरिकालाही राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवता येऊ लागली. मात्र निवडून आल्यास दुसरे नागरिकत्व सोडावे लागे.

२०२२ च्या नव्या घटनेवर परदेशस्थांनीही सार्वमतात मतदान केले. परंतु तिचा मसुदा कोणत्याही निर्वाचित सभेत घडला नव्हता. त्याचे अंतिम रूप राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनीच ठरवले. मसुदा लिहिणारा नागरिक आता केवळ होय-नाही सांगणारा उरला. नव्या ८९व्या कलमाने तर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला दुसरे नागरिकत्वच निषिद्ध केले, आणि त्याचे आईवडील व दोन्हीकडचे आजोबाही ट्युनिशियन असावेत, असा दंडक घातला. त्या डिसेंबरात संसदेची निवडणूक झाली. परदेशातल्या दहा मतदारसंघांपैकी सातांत एकही उमेदवार उभा नव्हता.