व्हिडिओ गेममधील वेगाचे गणित

व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर दिसणारी हालचाल म्हणजे मुळात स्थिर चित्रांची मालिका असते. प्रत्येक चित्रास ‘फ्रेम’ म्हणतात. फ्रेम दाखविण्यापूर्वी खेळाडूने कोणते बटण दाबले ते तपासणे, नियमांनुसार प्रत्येक वस्तूचे नवे स्थान ठरविणे आणि चित्र रेखाटणे ही कामे संगणकास उरकावी लागतात. ती अखंड करीत राहणारा आज्ञावलीचा भाग म्हणजे ‘गेम लूप’. सेकंदाला ६० फेऱ्या धरल्या, तर एका फेरीस जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात.

या मर्यादेचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जपानच्या ताइतो कंपनीचा १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’. तोमोहिरो निशिकादो यांनी घडविलेल्या या गेममध्ये ५५ परग्रहवासीयांची फौज खाली सरकत येते. इंटेल ८०८० प्रोसेसरला एका फेरीत सारी फौज हलविणे झेपत नसे. म्हणून दर फेरीस एकच शत्रू सरकविला जाई. परिणामी संपूर्ण फौजेचे एक पाऊल पडण्यास जवळजवळ एक सेकंद लागे. शत्रू मरू लागले, की उरलेल्यांची पाळी लवकर येई आणि त्यांचा वेग वाढे. शेवटचा एकटा शत्रू तर प्रत्येक फेरीत हले! निशिकादो यांनी हे बदलले नाही, कारण खेळ आपोआप अवघड आणि म्हणूनच रंगतदार होत होता. यंत्राच्या दुबळेपणातून इतकी चोख रचना क्वचितच निपजली असेल.

परंतु खेळाचा वेग यंत्रावर सोपविणे एरवी अंगाशी येते. १९८० च्या दशकातील अनेक पीसी गेम विशिष्ट प्रोसेसरचा वेग गृहीत धरून लिहिलेले होते. नव्या संगणकावर ते भरधाव पळत. कॅबिनेटवरील ‘टर्बो’ बटणाचा खरा उपयोग, नावाच्या अगदी उलट, वेग कमी करण्यासाठीच होई.

यावरील उपाय म्हणजे ‘डेल्टा टाइम’. मागील फेरीपासून किती वेळ गेला ते मोजून वस्तूच्या वेगास त्याने गुणायचे. सेकंदाला १२० बिंदू धावणारी गाडी ६० फेऱ्या करणाऱ्या संगणकावर दर फेरीस २ बिंदू सरकते, ३० फेऱ्यांच्या संगणकावर ४; सेकंदाअखेर अंतर सारखेच. मात्र एखादी फेरी रेंगाळली, तर बंदुकीची गोळी एकाच झेपेत भिंतीपलीकडे पोहोचते आणि टक्कर झाल्याची नोंदच होत नाही. त्यामुळे अनेक गेममध्ये टकरींचे गणित ठरावीक कालखंडांत स्वतंत्रपणे केले जाते. चित्रे मात्र यंत्राच्या कुवतीप्रमाणे रेखाटली जातात.