केपची नाही आणि जाईही नाही: अनंताच्या छाट कलमातून वाचलेला इतिहास

अनंताचं झाड तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. गॅलरीतल्या कुंडीत, नाहीतर आजोळच्या परसात. गडद तुकतुकीत पानं, मेणाची केल्यासारखी भरगच्च पांढरी फुलं, आणि दोन-तीन दिवसांत ती पिवळी पडली तरी न जाणारा वास. बंगालीत आणि हिंदीत हाच गंधराज. इंग्रजीत गार्डेनिया. जुन्या इंग्रजी बागकाम पुस्तकांत मात्र तुम्हाला याचं वेगळं नाव सापडेल: केप जॅस्मिन, म्हणजे केपची जाई.

माझं संशोधन बागेतल्या झाडांच्या प्रवासाबद्दल आहे. त्यामुळे पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो: ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही, त्यांचा इतिहास लिहायचा कसा? माळी, रोपवाले, कलमं बांधणारे, यांच्या डायऱ्या कुठून आणायच्या? आज त्याचं उत्तर अनंताच्या मदतीने देऊन बघतो. कारण या झाडाच्या बाबतीत कागद भरपूर आहेत, आणि तरी मुख्य गोष्ट कागदाबाहेर आहे.

आधी कागद बघू. १७५४ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या गोडॉल्फिन या जहाजाचे कप्तान हचिन्सन केप ऑफ गुड होपहून एक झाड इंग्लंडला घेऊन आले. केपला जमिनीवर फिरताना वास आला, म्हणून शोध घेतला आणि हे झाड सापडलं, अशी हकीकत सांगितली जाते. झाड गेलं एसेक्समधल्या वुडफर्डला, रिचर्ड वॉर्नर नावाच्या सधन हौशी वनस्पतीप्रेमीकडे. तिथे त्याला दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांची फुलं आली. लंडनच्या झाडवेड्या मंडळींत खळबळ उडाली आणि नाव पडलं, केपची जाई.

आता तुम्ही संशोधक म्हणून या नावाकडे बघा. यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत. हे झाड मूळचं चीन, जपान, व्हिएतनाम या भागातलं. मग केपला कसं? १६५२ पासून केपला डच कंपनीची वसाहत होती आणि तिथली बाग म्हणजे आशियातून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांचा थांबा. ताजा भाजीपाला आणि पाणी घ्यायला सगळी जहाजं तिथे थांबत. पूर्वेकडून कुठल्यातरी जहाजावर आलेलं रोप तिथे लागलं असणार, हाच सरळ अर्थ निघतो. हचिन्सनला ते केपला मिळालं, म्हणून ते केपचं झालं. झाडाच्या लेबलवर बहुतेकदा त्याचं गाव नसतं, शेवटचं बंदर असतं. वस्तूंचा इतिहास करणाऱ्या कुणीही ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. सुरतेहून गेलेलं कापड 'सुरती' म्हणून ओळखलं गेलं, म्हणून ते सुरतेतच विणलं होतं असं कुठे असतं?

दुसरा शब्द, जाई. इथे गोष्ट जास्त रंगतदार आहे. चेल्सीच्या औषधी बागेचा प्रमुख फिलिप मिलर हा त्या काळचा इंग्लंडमधला सगळ्यात वजनदार माळी. त्याने झाड जाईच्या कुळात टाकलं. व्यापारी आणि निसर्गअभ्यासक जॉन एलिस मात्र म्हणाला, नाही. भांडण सोपं नव्हतं, कारण लिनियसची पद्धत फुलातले पुंकेसर मोजण्यावर उभी होती. जाईत ते दोन असतात. पण दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात! मोजणार काय? ज्या फुलाने सगळ्यांना वेड लावलं, ते फूल वर्गीकरणाच्या दृष्टीने वाचताच येत नव्हतं.

तुम्ही हे घरी तपासू शकता, आणि जरूर तपासा. अनंताची दोन पानं समोरासमोर निघतात, त्यांच्या देठांच्या मधल्या जागेत एक छोटासा पातळ पापुद्रा दिसतो. कॉफीला असतो, कदंबाला असतो, मंजिष्ठेलाही तिथेच पानासारखे भाग असतात. जाईला नसतो. शिवाय अनंताचा बीजकोश पाकळ्यांच्या खाली असतो, जाईचा वर. म्हणजे हे झाड कॉफीचं भावंड, जाईचं कुणीच नाही. तरी शास्त्रीय नावात जाई उरलीच: गार्डेनिया जॅस्मिनॉइडिस, जाईसारखी गार्डेनिया. चूक दुरुस्त झाली, पण तिचा माग नावात राहिला. असे माग संशोधकाच्या फार कामाचे असतात.

आणि गार्डेनिया कुणाच्या नावावरून? अनेकांना वाटतं बागेवरून, गार्डनवरून. नाही. अलेक्झांडर गार्डन नावाचा स्कॉटिश डॉक्टर अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला राहायचा. तिथले मासे, सरपटणारे प्राणी, झाडं तो एलिसला आणि लिनियसला पाठवत असे. एखाद्या झाडाला आपलं नाव मिळावं ही त्याची मोठी इच्छा. न्यूयॉर्क प्रांतातल्या जेन कोल्डन या वनस्पती अभ्यासक बाईंनी एका स्थानिक वनस्पतीला त्याचं नाव दिलं होतं, ते टिकलं नाही. मग एलिसने कॅरोलायनातल्या एका सुगंधी झुडपासाठी प्रस्ताव ठेवला. लिनियसने त्याला कॅलिकॅन्थस म्हटलं. दरम्यान वॉर्नरकडच्या झाडासाठी आधी वॉर्नेरिया हे नाव सुचवलं गेलं, पण वॉर्नरने नकार दिला. जागा रिकामी होती. एलिसने ती आपल्या मित्राला देऊन टाकली. १७६० मध्ये फिलिप कार्टरेट वेब यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात त्याने हे वर्णन रॉयल सोसायटीपुढे मांडलं आणि १७६१ मध्ये ते फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये छापून आलं. असं चीनचं झाड, आफ्रिकेचं आडनाव आणि अमेरिकेतल्या डॉक्टरचं नाव. गार्डनचा या झाडाशी संबंध काय? मैत्री, बस्स.

(ही सगळी पत्रं जेम्स एडवर्ड स्मिथ यांनी १८२१ मध्ये दोन खंडांत छापली. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. एखादी दुपार घालवा. नामकरणामागची लाडीगोडी, रुसवे-फुगवे बघून शास्त्राच्या इतिहासाबद्दलचा तुमचा आदर कमी होणार नाही, पण थोडा माणसात येईल.)

आता कागदाबाहेरची गोष्ट. वर आलेली सगळी नावं ही पत्रं लिहिणाऱ्यांची आहेत. झाड वाढवलं कुणी? लंडनच्या बाजूचं उत्तर आपल्याला माहीत आहे. माइल एंडचा रोपवाटिकावाला जेम्स गॉर्डन. वॉर्नरने त्याला फांद्या दिल्या, त्याने त्या जगवल्या आणि तिथून हे झाड इंग्लंडच्या काचघरांत पसरलं. गॉर्डन पत्रलेखक मंडळींच्या ओळखीतला होता, म्हणून एलिसने पुढे त्याच्याही नावाने गॉर्डोनिया ही प्रजाती केली. हे दुर्मिळ आहे. बाकीच्या माळ्यांना कुणी प्रजाती दिली नाही.

पण गॉर्डनच्याही आधी काय? इथे झाडालाच विचारावं लागतं. दुहेरी अनंताला सहसा फळ धरत नाही. पुंकेसरांच्याच पाकळ्या झाल्या, तर बी कुठून येणार? असा बदल निसर्गात एखाद्या झाडावर आपोआप होतो, आणि कुणी हात लावला नाही तर त्या झाडाबरोबर संपतो. तो टिकायचा असेल तर कुणीतरी ती फांदी ओळखावी लागते, कापावी लागते, रुजवावी लागते. मग ते रोप म्हातारं व्हायच्या आत पुन्हा कुणीतरी. पुन्हा कुणीतरी. म्हणजे १७५४ मध्ये केपला दुहेरी फुलाचं झाड उभं होतं, एवढ्या एका वाक्यात चिनी माळ्यांच्या अखंड साखळीचा पुरावा आहे. मधली एक कडी जरी तुटली असती, तरी एलिसला भांडायला फूल मिळालं नसतं. त्या माळ्यांची नावं आपल्याकडे नाहीत. पण त्यांनी काम केलं हे सांगायला नावांची गरज पडत नाही, बी नसलेलं झाड पुरेसं आहे. तुमच्या कुंडीतल्या दुहेरी अनंतालाही हेच लागू आहे. छाट कलमाचं रोप म्हणजे आईचं मूल नव्हे, आईचाच तुकडा.

याची दुसरी बाजूही बघा. चीनमध्ये एकेरी फुलाच्या अनंताला फळं येतात आणि त्या फळांतून पिवळा रंग निघतो. रंगद्रव्य तेच, जे केशरात असतं, क्रोसिन. सिमा च्येन याच्या इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुरुवातीच्या 'शिजी' या इतिहासग्रंथात संपत्तीबद्दलचं एक प्रकरण आहे. हजार मू जमिनीवर अनंत आणि मंजिष्ठेची लागवड असलेला माणूस हजार घरांच्या सरदाराच्या तोडीचा, असा हिशोब तिथे मांडलेला आहे. पिवळा आणि लाल, रंगाऱ्याची दोन पिकं. (दोन्ही एकाच कुळातली, हा योगायोग मला फार आवडतो.) म्हणजे चीनमध्ये अनंत आधी शेतमाल होता, मग शोभेचं फूल. युरोपला गेली ती फक्त दुहेरी फांदी. फळ नाही, म्हणून रंग नाही, म्हणून शेतकरी आणि रंगारीही गोष्टीतून गळले. उरलं ते श्रीमंतांच्या काचघरातलं फूल. छाट कलमाने झाड जातं, त्याचा व्यवसाय जात नाही.

हे नीट कळायला एकदा स्वतः कलम करून बघा, मी गंमत करत नाहीये. आपल्याकडे पावसाळ्याची सुरुवात सगळ्यात चांगली. फार कोवळी नाही, फार जून नाही अशी आठ-दहा सेंटिमीटरची फांदी पेराच्या खाली तिरकी कापा. खालची पानं काढा, वरची दोन-चार ठेवा. कोकोपीट आणि वाळूच्या ओलसर मिश्रणात खोचा आणि वरून पारदर्शक पिशवीचा तंबू करा. उजेड हवा, थेट ऊन नको. मुळं फुटायला चार ते आठ आठवडे लागतात. या काळात फांदीची अडचण एकच असते: पानांतून पाणी उडतंय आणि प्यायला मुळं नाहीत. पिशवी त्यासाठी. पिशवीच्या जागी त्या काळी काचेची घंटा असे, आणि खालून ऊब द्यायला चामडं कमावून उरलेल्या सालीचा थर. साल कुजताना गरम होते, त्यात कुंड्या पुरून ठेवत. थंडगार लंडनमध्ये, थर्मामीटरपेक्षा जास्त हाताच्या अंदाजाने, हे आठवडे काढायचे म्हणजे काय, ते तुमची पहिली फांदी काळी पडली की समजतं. 'गॉर्डनने कलमं केली' हे वाक्य मग दोन शब्दांत उरकता येत नाही.

रोप लागल्यावरही अनंत नखरे करतो. त्याला आम्लधर्मी माती लागते. कोकण-गोव्यातल्या जांभ्या मातीत तो खुशीत असतो. देशावर चुनखडीची काळी माती आणि बोअरचं क्षाराचं पाणी मिळालं की पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. लोह मातीत असतं, पण झाडाला घेता येत नाही. पावसाचं पाणी साठवून घाला, लोहाचं चिलेट द्या. आणि कळ्या धरल्या असताना कुंडीची जागा बदलू नका. कळ्या पटापट गळतात.

पुढचा प्रवास तुलनेने सोपा झाला. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने बंद काचपेटीत झाडं जहाजावरून नेता येतात हे १८३० च्या दशकात दाखवलं. १८४३ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्यूनला चीनला पाठवलं, तेव्हा या पेट्या त्याच्याबरोबर होत्या. मोठ्या फुलांचा एक दुहेरी अनंत त्याने पाठवला, त्याला फॉर्च्यूनचं नाव लागलं. ज्या चिनी बागेत तो तयार झाला, तिचं लागलं नाही.

आपल्या जंगलांतही गार्डनचं नाव फिरतंय. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी डिकेमाली, लहान बाळांच्या पोटासाठी आजी उगाळायची तो उग्र वासाचा डिंक, गार्डेनियाच्याच देशी जातींचा.

आणि खरोखरच दक्षिण आफ्रिकेची म्हणावी अशीही एक गार्डेनिया आहे, थुनबर्गिया. स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञ थुनबर्ग १७७० च्या दशकात केपला होता, त्याच्या नावाची. फ्लोरिडासारख्या ठिकाणी मातीतले सूत्रकृमी अनंताची मुळं खाऊन टाकतात, थुनबर्गियाची मात्र त्यांना पचत नाहीत. म्हणून तिथले रोपवाले थुनबर्गियाच्या खुंटावर चिनी अनंताचं कलम बांधतात. अशा रोपाच्या खोडावर, मातीच्या थोडं वर, एक गाठ दिसते. गाठीच्या वर चीन, खाली आफ्रिका, आणि बांधणाऱ्याचं नाव लेबलवर अजूनही नसतं.